खालच्या माणसाच्या पायाखाली

दाजीला दाजी म्हणणारा माणूस जगात खरं तर एकच असायला हवा होता, तो म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. पण हे दोघं घरसामान हलवण्याच्या एकाच टोळीत. दिवसभर जिन्यांवर "दाजी, सावकाश", "दाजी, दम घ्या" असं चालायचं. त्यामुळे आधी टोळीतली माणसं, मग टेम्पोवाला, मग घर बदलणारी गिऱ्हाइकं, सगळी त्याला दाजीच म्हणू लागली. आमच्या ऑफिसात तो आला तेव्हा चहा देणाऱ्या बाईनेसुद्धा पहिल्याच दिवशी त्याला दाजी करून टाकलं. मेहुण्याने मात्र तोवर दाजी म्हणणं सोडलं होतं. त्याला सोडून सगळं गाव ते म्हणत होतं.

या सगळ्यात माझा संबंध एवढाच की मी वाक्यं लिहायचे. भाषा शिकलेल्या बाईला बाहेर कुणी फार विचारत नाही. मला विचारलं ते कॉम्प्युटरला माणसांचं बोलणं समजावं म्हणून धडपडणाऱ्या एका कंपनीने. मी वाक्यं लिहायची, कॉम्प्युटरने ती वाचायची आणि मग त्याला काय कळलं ते आम्ही विचारायचं. त्याला काहीच कळत नव्हतं असं माझं मत होतं, आणि ते मी सगळ्यांना ऐकवत असे. कोणता शब्द कोणत्या शब्दाच्या शेजारी बसतो हे त्याला तोंडपाठ होतं. 'जिना' म्हटलं की पायरी, कठडा, चढउतार हे सगळं तो बिनचूक आणायचा. पण "हे कपाट या जिन्यातून उतरेल का?" असं विचारलं की "हो, काळजीपूर्वक न्यावे" असं छापील उत्तर. जन्मात जिना न चढलेल्या माणसाने जिन्यावर भाषण ठोकावं, तसा प्रकार.

आमच्या प्रमुख बाईंना हे दिसत होतं. त्या कधी खुर्चीवर बसायच्या नाहीत, उभ्यानेच बोलायच्या. त्यांचं म्हणणं असं की माणूस वाक्य नुसतं ऐकत नाही, मनातल्या मनात ते करून बघतो. "उचल" ऐकलं की आत कुठेतरी थोडंसं उचलतो. म्हणून कॉम्प्युटरलाही एक अंग द्यायचं. खरंखुरं नव्हे, पडद्यावरचं एक माणूसचित्र. पण त्याला वजन असेल, गुडघे असतील, पाठ असेल, समोरचं दिसेल आणि मागचं दिसणार नाही. वाक्य आलं की या चित्राने ते आधी करून बघायचं आणि मग उत्तर द्यायचं.

मला हे मोठ्या पगाराचे खेळ वाटले. तसं मी बोलूनही दाखवणार होते. पण त्याच दुपारी मी वाक्यांच्या यादीत "तिने फळ्यावर नख ओढलं" असं लिहिलं आणि माझेच दात शिवशिवले. खोलीत फळा नव्हता की काही नव्हतं. मग मी मुकाट्याने पुढचं वाक्य लिहायला घेतलं.

या चित्राला जड वस्तू उचलायला शिकवायचं, तर अंगाने काम करणारी आणि काम करताना बोलणारी माणसं हवी होती. तसा दाजी आला. बुटका, रुंद, मान जवळजवळ नाहीच, आणि खांद्यावर टाकायची फडक्याची घडी अजूनही खिशात. टोळीतलं काम सुटलं होतं त्याचं. पाठ शाबूत होती, हातही शाबूत होते. पण त्याच्या खाली उभं राहायला कुणी तयार होत नव्हतं. त्या धंद्यात याहून वाईट काही नाही.

हे जरा समजावून सांगायला हवं. जड कपाट जिन्यावरून उतरवताना एक माणूस वर असतो, एक खाली. उंच माणूस खाली ठेवतात आणि बुटका वर, म्हणजे कपाट फार कलत नाही. खालचा माणूस उलटा उतरतो. वजन जास्त त्याच्यावर, आणि डोळ्यांसमोर कपाटाची फळी, दुसरं काही नाही. वरच्याला सगळा जिना दिसतो, म्हणून हाका वरच्याने द्यायच्या. डावं-उजवं म्हणायचं नाही, कारण दोघं समोरासमोर असतात आणि एकाचं डावं ते दुसऱ्याचं उजवं. "भिंत" म्हटलं की भिंतीकडे सरकायचं, "कठडा" म्हटलं की कठड्याकडे. "टेकव" म्हटलं की सोडायचं आणि दम घ्यायचा. खालच्याने विचारत बसायचं नाही. दोघं बोलायला लागले की कपाट कुणाचंच ऐकत नाही.

दाजी बुटका, त्यामुळे पहिल्या दिवसापासून तो वर. मेहुणा ताडमाड, त्याला सगळे लांबू म्हणायचे. तो कायम खाली. वर्षानुवर्षं हीच जोडी. मेहुण्याला कामाला लावलं दाजीनेच, आणि लग्नानंतर बायकोशी पहिलं भांडण झालं तेही यावरूनच, असं तो हसत सांगायचा. बायकोचं म्हणणं होतं, माझ्या भावाला ओझी उचलायला नेऊ नका. दाजीचं म्हणणं, माझ्या नजरेखाली तर आहे.

आमच्याकडे त्याचं काम सोपं होतं. दंडांवर, खांद्यांवर, पाठीवर छोट्या चकत्या चिकटवायच्या. डोळे मिटून खुर्चीत बसायचं. मी वाक्य वाचायचं आणि त्याच्या अंगात काय हललं ते यंत्राने टिपायचं. पहिले दोन दिवस तो चक्क घोरला. तिसऱ्या दिवशी मी "त्याने पुस्तकांचं खोकं छातीशी धरलं" असं वाचलं आणि दाजीचा श्वास थांबला. खुर्चीतल्या खुर्चीत तो मागे रेलला. पुढचं वाक्य "खोकं रिकामं निघालं." त्याची हनुवटी वर उडाली, जणू कुणी फसवलं. प्रमुख बाई इतक्या खूश झाल्या की बसल्या.

चहाच्या वेळी तो बोलायचा. सामान हलवणाऱ्याला घरांची अंतरंगं माहीत असतात; कुणाच्या पलंगाखाली काय निघालं, कोण नवऱ्याच्या नकळत काय बांधून घेते. पण कुठूनही निघालं तरी बोलणं लांबूच्या गुडघ्यावर येऊन थांबायचं. त्याची कहाणी ठरलेली होती. सरळ जिना, मध्ये सपाट चौक, मग पुन्हा जिना. तीन दारांचं कपाट. चौक आला, मी "टेकव" म्हटलं, यानं वाकडं टेकवलं, कपाट घसरलं आणि याच्याच अंगावर गेलं. गुडघा कामातून गेला.

"आता तो म्हणतो, मी पायरीवर होतो आणि तुम्ही टेकव म्हणालात," दाजी कपातला चहा फिरवत म्हणायचा. "अहो, चौक होता. माझ्या पायाखाली सपाट होतं. मी काय आंधळा आहे?"

"मग घरचे काय म्हणतात?" मी विचारलं.

"बायको काही म्हणत नाही. तेच तर. भावाकडे एकटीच जाते, एकटीच येते. मी कसा आहे म्हणून तो विचारत नाही, आणि तो कसा आहे हे ती सांगत नाही. घरात माणूस तोंड मिटून वावरायला लागलं ना मॅडम, की भिंती अंगावर येतात."

लांबूने एकदा दाजी म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. पण चूक लांबूची होती हेही त्याला हवं होतं. दोन्ही एकदम कसं मिळणार, हा प्रश्न त्याला पडलेला दिसत नव्हता.

पडद्यावरचं चित्र तोवर बरंच तयार झालं होतं. एकाच्या जागी दोन माणूसचित्रं आली, एक बुटकं आणि एक उंच. दाजीनेच एके दिवशी सांगितलं, "माझा जिना घाला की यात. म्हणजे एकदाचं कळेल सगळ्यांना." प्रमुख बाईंना पायऱ्यांची मापं, कपाटाची लांबी असलं सगळं हवंच होतं, दाजीला ते पाठ होतं. मी वाक्यं त्याच्या तोंडची जशीच्या तशी लिहिली. दोघं कपाट उतरवत आहेत. वरच्याच्या पायाखाली चौक आला. वरचा "टेकव" म्हणाला. शेवटी प्रश्न लिहिला, कपाट कुठे आहे?

जुन्या कॉम्प्युटरने एका दमात "चौकात" म्हणून सांगितलं असतं. नव्याने वेळ घेतला. पडद्यावर दोन्ही चित्रं पायरी पायरी उतरू लागली. उंच आधी चौकात पोचलं, मागे मागे जात चौक ओलांडला आणि पुढच्या जिन्यावर उतरलं. कपाट लांब होतं. बुटक्याचा पाय चौकात पडला तेव्हा उंचाचा एक पाय खालच्या पायरीवर होता आणि दुसरा हवेत. "टेकव" हा शब्द आला. उंच चित्राचे हात सैल पडले. कपाटाचं खालचं टोक पायरीच्या कडेवर टेकलं, निसटलं आणि चित्राच्या गुडघ्यावर गेलं. खाली उत्तर उमटलं, 'कपाट खालच्या माणसावर आहे.'

दाजी पुढे झुकून बघत होता.

"यंत्र चुकलं," तो म्हणाला. "पुन्हा लावा."

पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

"खालच्याने बघायला नको? पायरी आहे तर टेकवतो कशाला?"

"त्याला काय दिसतंय ते बघायचंय का?" प्रमुख बाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात खोच नव्हती, त्यांना ते यंत्र दाखवण्याची हौसच भारी होती. त्यांनी एक बटण दाबलं आणि पडद्यावर उंच चित्राच्या डोळ्यांतून दिसायला लागलं. एक तपकिरी फळी. बाकी काही नाही. जिना नाही, चौक नाही, वरचा माणूस नाही. फळी हलत होती आणि फळीच्या पलीकडून हाका येत होत्या. मग "टेकव" आलं आणि फळी अंगावर आली.

दाजीने इतक्या वर्षांत हजारो कपाटं उतरवली असतील, पण कपाटाची ही बाजू त्याने उतरताना कधी पाहिली नव्हती. दंडावरच्या चकत्या त्याने स्वतःच सोलून काढल्या, टेबलावर ठेवल्या आणि तो घरी गेला. मला त्याची दया आली, आणि थोडा रागही आला. एवढी साधी गोष्ट कळायला एवढं महाग यंत्र लागावं!

पण मग मी विचार केला तेव्हा वाटलं, साधी कुठे आहे? सपाट जमीन पायाखाली आली की आपलं अंगच म्हणतं, पोचलो. ते दाजीच्या अंगाने म्हटलं. शब्द त्याच्या पायातून निघाला. लांबूच्या हाताने तो ऐकला आणि लगेच मानला, कारण वर्षानुवर्षं त्या शब्दाला मानायची हातांना सवय होती. डोक्यापर्यंत जायला त्याला वेळच मिळाला नाही. प्रमुख बाई म्हणतात ते खरं असेल, तर दोघांनाही शब्द पुरता समजला होता. ज्याला त्याला आपापल्या अंगाने.

दाजी दोन दिवसांनी आला. दाढी वाढलेली. पडद्याकडे त्याने पाठ केली आणि चकत्या लावून घेतल्या. काम संपल्यावर प्रमुख बाईंनी त्याला थांबवलं. त्यांची अडचण अशी की जमा झालेलं सगळं वरच्या माणसाचं होतं. खालच्या माणसाचं अंग काय करतं हे चित्राने नुसतं मापांवरून रचलं होतं. खऱ्या दोन माणसांकडून खरं कपाट उतरवून घ्यायला हवं होतं. त्यासाठी मागच्या मोठ्या खोलीत लाकडी जिना बांधायचा ठरला होता, मध्ये चौक असलेला.

"खालचा माणूस आणू शकाल का तुम्ही?" त्यांनी विचारलं. "नाही जमलं, तर मात्र हे काम इथेच थांबवावं लागेल."

"खालचा काय सांगणार तुम्हाला?" दाजी म्हणाला. "खालचा बोलत नाही. खालचा ऐकतो."

"म्हणूनच हवाय," प्रमुख बाई म्हणाल्या.

पुढचं मला दाजीच्या बायकोने नंतर सांगितलं, हसू दाबत. त्या संध्याकाळी दाजीने तिला आडून आडून विचारलं, भावाकडे कधी जाणार आहेस, गेलीस तर असं असं सांग. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने घडी न मोडता सांगितलं, "मी कुणाचे निरोप नेणारी नाही. तुम्हाला तोंड आहे, त्याला कान आहेत. माझा भाऊ तुमच्या नजरेखाली होता ना? मग तुमच्याच नजरेने जाऊन बघा."

एवढं ती कितीतरी दिवसांनी बोलली होती. दाजी दुसऱ्याच दिवशी गेला.

लांबूने गुडघा गेल्यावर किल्ल्या बनवायचं दुकान टाकलं होतं. दुकान कसलं, दोन दुकानांच्या मधली फट. एक उंच स्टूल, घासायचं यंत्र, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या किल्ल्या. एवढा ताडमाड माणूस त्या फटीत दुमडून बसायचा आणि एक पाय बाहेर सरळ ठेवायचा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याने ओलांडून जायचं. दाजी तिथे उभा राहिला आणि त्याने खिशातून घराची किल्ली काढून पुढे केली.

"अजून एक बनवून दे."

लांबूने किल्ली घेतली. ती त्याने ओळखली असणार. तिचीच एक जोड त्याने बहिणीला बनवून दिली होती. त्याने यंत्र सुरू केलं. दाजीने त्या आवाजात काय काय सांगितलं कोण जाणे; यंत्र बंद झालं तेव्हा त्याचं सांगणं आमच्या लाकडी जिन्यापर्यंत आलं होतं.

"खालचा माणूस हवाय त्यांना," तो म्हणाला.

लांबूने बाहेर ठेवलेल्या पायाकडे बोट केलं. "हा वाकत नाही. खाली कोण उभं राहणार?"

दाजीने त्या पायाकडे एकदा नीट बघितलं. नवी किल्ली घेतली आणि तो परत आला. लांबू येणार की नाही, हे त्याला स्वतःला माहीत नव्हतं, आणि आम्हाला तर नव्हतंच. प्रमुख बाईंनी जिना मात्र बांधून घेतला. ताज्या लाकडाचा वास ऑफिसभर झाला होता. कपाट रिकामं, आतून वाळूच्या पिशव्या बांधलेलं. वरून एक जाड दोर छताच्या कडीतून नेलेला, म्हणजे निसटलंच तर अधांतरी राहील. हे सगळं बघून दाजी म्हणाला, "आमच्या वेळी असा दोर असता तर." आणि त्याने दोर ओढून बघितला.

लांबू आला. बरोबर दाजीची बायकोही. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत मांडीवर पर्स घट्ट धरून बसली. लांबूने जिना खालपासून वरपर्यंत न्याहाळला, चौकात नजर थांबवली आणि प्रमुख बाईंना म्हणाला, "मी उलटा उतरू शकणार नाही. आधीच सांगतो."

"तू वर जा," दाजी म्हणाला.

"आणि खाली?"

"मी."

"कपाट किती कलेल, कळतंय का? सगळं वजन तुमच्या छातीवर येईल."

"येऊ दे."

चकत्या लावणारा मुलगा गोंधळला, कारण त्याच्या कागदावर उलटं लिहिलेलं होतं. मी त्याला गप्प बसायला सांगितलं.

लांबू कठडा धरून, पाय ओढत वर गेला. दाजीने खिशातली फडक्याची घडी काढली, खांद्यावर ठेवली आणि कपाटाच्या खालच्या टोकाशी जाऊन उभा राहिला. फळी त्याच्या डोक्याच्याही वर गेली. आमच्याकडून फक्त त्याची बोटं आणि चपला दिसत होत्या. दोघांनी उचललं. दाजीच्या घशातून आवाज निघाला. वाळू बेताचीच होती, पण बुटक्या माणसाकडे सगळं कलून आलं होतं.

"भिंत," लांबू वरून म्हणाला. कपाट भिंतीकडे सरकलं. "पुरे. उतरा."

दाजीचा पाय मागे जाऊन पायरी चाचपायचा, सापडली की टेकायचा, मग दुसरा. त्याचा धाप लागल्याचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू येत होता. तो चौकात आला, मागे मागे सरकत चौक ओलांडला आणि पुढच्या जिन्यावर उतरला. लांबू एक एक पायरी आखडत्या पायाने येत होता. मग त्याचा चांगला पाय चौकात पडला, मागून दुसरा.

सपाट आलं. त्याचे खांदे आपोआप सैल झाले. मला दिसलं ते, आणि यंत्रानेही टिपलं असेल. दाजीची बायको खुर्चीतून अर्धवट उठली होती. लांबूने तोंड उघडलं, मिटलं. फळीवरून खाली बघायचा प्रयत्न केला, पण वरूनही खालचे पाय दिसत नव्हते.

"दाजी," तो म्हणाला, "तुमच्या पायाखाली काय आहे?"

फळीखालची एक चप्पल पुढे-मागे कड चाचपून आली.

"पायरी," दाजी म्हणाला. आणि मग, "पायरीच होती रे."

"माहीत आहे मला," लांबू म्हणाला. "धरून ठेवा. अजून थोडं आहे."